नेमाची गोळी

हर्सूल, मंगळवार

ती. आक्कास, धाकट्या सुदर्शनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि कानातलं यंत्र, तिन्ही बरी असतील असं धरून चालतो. वेरूळला ऊन फार असेल, जपून राहा. माझी पिंढरी अजून आखडते. पायाकडं जाणारी रक्तवाहिनी अरुंद झालीय, आणि गोळ्यांइतकंच चालणं हे त्यावरचं औषध आहे, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून रोज सकाळी तलावाला पुरती फेरी मारतो. (वाटेवरचा टपरीवाला साहेबराव मला आता लांबूनच ओळखतो. असो.) फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुझ्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि हे सुरेखाच्या कानावर जायला नको.

तिच्या फुप्फुसातल्या गाठीवर गोळी चालू आहे, हे तुला ठाऊक आहेच. आमच्या डॉक्टरीणबाई तनुजा वयानं लहान आहेत आणि त्यांना समजावून सांगायची हौस आहे. त्या म्हणाल्या, ‘मावशी, आधीची औषधं म्हणजे आख्ख्या रानावर फवारा. तणाबरोबर पीकपण होरपळायचं. ही गोळी नेम धरून गाठीवर जाते. नेमाची गोळी आहे. रोज ठरल्या वेळेला घ्यायची, चुकवायची नाही.’ सुरेखानं त्यातलं रान सोडलं, फवारा सोडला, आणि नेम तेवढा घरी आणला. रिक्षात मी तिला सांगितलं की हा नेम बंदुकीतला आहे, देवघरातला नाही. ती म्हणाली, ‘ठरल्या वेळेला, चुकवायचं नाही. बंदुकीचं असं असतं व्हय?’ रिक्षावाला म्हणाला, ‘काकी का बराबर है.’ तेव्हापासून रोज आंघोळ, दिवा, डोक्यावर पदर, पूर्वेकडं तोंड आणि मग गोळी. ती घशाखाली उतरेपर्यंत मी बोलायचं नाही. (शिंक आली तर अंगणात जातो.) डॉक्टरीणबाई खूश आहेत. इतकी शिस्त त्यांनी कुणात पाहिली नाही म्हणे.

गोळी आपलं काम करते आहे. गाठ वाढलेली नाही. तिच्या चेहऱ्यावर मात्र मुरमं आली, या वयात. तेही औषधाचंच. आणि पापण्या लांब झाल्या. खोटं वाटेल, पण खरंच वाढल्या, दाट आणि थोड्या वळलेल्या. शेजारच्या केसरबाईंनी विचारलं, काजळ कुठलं घालता. सुरेखा म्हणाली, औरंगपुऱ्यात मिळतं, चिठ्ठी लागते. मी हल्ली पेपर वाचता वाचता तिच्याकडं पाहतो. लग्नात आंतरपाट होता, पुढं कामं होती. आता वेळ आहे.

मुद्दा सोमवारचा आहे. तुम्ही दोघी घृष्णेश्वराला गेला होतात आणि तिथं ती निरंकार सोमवार बोलली. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. आधी मला वाटलं गोळीला सूट असेल, सोमवारी मी फेरीला गेल्यावर घेत असेल. परवा पाकीट चाचपलं तर गोळ्या उरलेल्या निघाल्या. सोमवारी ती गोळी घेतच नाही, आक्का. विचारलं तर म्हणाली, ‘निरंकारात कसं घेणार?’ म्हटलं, मग रात्री सोडताना घे. म्हणाली, ‘वेळ चुकली की नेम मोडला, तुमच्याच डॉक्टरीण म्हणाल्या.’ एका नेमानं दुसरा नेम अडवून धरलाय आणि मधे तिचा जीव आहे. मी देवळातल्या गुरुजींना घरी आणलं. ते म्हणाले, औषधाला दोष नाही. ती म्हणाली, ‘गुरुजींना स्वतःला शुगर आहे, ते असंच सांगणार.’ डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, ‘मावशी, देव रागावणार नाही.’ तिनं शांतपणे विचारलं, ‘तुमची ओळख आहे का?’ यापुढं माझी अक्कल संपली.

बाकी क्षेम. म्हशीचं कळव.

तुझा
सुदर्शन

ता.क. म्हशीचं राहू दे. तू रविवारी मुक्कामाला ये. ती बोलली तेव्हा तू शेजारी उभी होतीस, तेव्हा सोडवणारीही तूच. सोबत एक गोळी पाठवतोय. पिंडीपाशी ठेवून आण आणि सोमवारी सकाळी तुझ्या हातानं तिला दे. प्रसादाला ती नाही म्हणत नाही. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस. मला भीती वाटते, आक्का.

ता.क. आक्का, हे अक्षर माझं, सुरेखाचं. ह्यांना घरात डिंक सापडला नाही, म्हणून पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं. गोळी मी काढून घेतली आहे. औषध काय पोस्टानं पाठवतात? पुरत्या फेरीचं मनावर घेऊ नका. हे साहेबरावच्या टपरीपर्यंत जातात, भजी खातात आणि माघारी येतात. साहेबरावची बायको मला सगळं सांगते. तो सोमवार मी माझ्या गाठीसाठी बोललेच नव्हते, ह्यांच्या पायासाठी बोलले, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगितलं नाहीत, बरं केलंत. पण माणूस घाबरलंय हे मला माहीत नव्हतं. तर रविवारी याच. सोमवारी सकाळी आपण तिघं तलावावर जाऊ. ह्यांनी टपरी ओलांडली की तिथंच उभ्या उभ्या गोळी घेईन, देवाला मी समजावते. पाण्याची बाटली माझ्याकडं आहे.