नववा फर्मा

तीर्थस्वरूप मामांना बाइंडर भाच्याचा खळीने माखलेल्या हातांनी नमस्कार. (हात जोडलेत खरे, सुटायला जरा वेळ लागेल.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक, म्हणजे सोमवारपर्यंत तरी.

त्याचं असं झालं, की विषमतेवर आणि जागतिकीकरणावर लिहिणाऱ्या त्या प्राध्यापकबाईंचं नवं पुस्तक आमच्याकडे बांधायला आलं. अर्थशास्त्र म्हटलं की मला जांभई येते, हे तुम्ही माझ्या शाळेपासून जाणता. पण बाई लिहितात ते शेजारणीने दारात उभं राहून सांगावं तसं. फर्म्यांची जुळणी करताना (एक फर्मा म्हणजे सोळा पानं, नऊ-दहा एकत्र शिवले की तुमचं पुस्तक) आठवा उभ्या उभ्या वाचून काढला. त्यात बाईंनी चक्क एका पुस्तकाचीच गोष्ट सांगितली आहे. कागद एका देशातला, दोरा दुसऱ्या, सरस तिसऱ्या; सगळं समुद्र ओलांडून एकाच टेबलावर येतं, आणि त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाचं नाव पुस्तकात कुठेच नसतं. मामा, चोवीस वर्षं पुस्तकं बांधतोय, पण पुस्तकात मी मला पहिल्यांदाच भेटलो. डोळे भरून आले. पुढे काय होतं ते कळल्याशिवाय चैन पडेना, म्हणून नववा फर्मा डब्याच्या पिशवीत घालून घरी नेला आणि बायकोला वाचून दाखवला. भाजी करपली, तरी ती म्हणाली, पुढे वाचा.

परत ठेवायचा मात्र राहून गेला. जुळणी माझी आणि तपासणीही माझीच, त्यामुळे चूक सापडायचा प्रश्नच नव्हता. एक प्रत नवव्या फर्म्याविना शिवली गेली, आणि हजार प्रतींतून नेमकी तीच प्रकाशनाच्या दिवशी बाईंच्या हातात पडली.

मालकांनी आम्हालाही समारंभाला नेलं होतं. बाई व्यासपीठावर उभ्या राहून वाचत होत्या. एकशे अठ्ठाविसावं पान संपलं, तर समोर एकदम एकशे पंचेचाळिसावं. बाईंनी पानं मागे-पुढे करून पाहिली. पहिल्या रांगेतले मालक मान वळवून मला शोधू लागले. डब्याची पिशवी माझ्या मांडीवरच होती, फर्मा अजून तिच्यातच. उठलो, वर गेलो, तेलाचा डाग पडलेला फर्मा बाईंच्या हातात दिला आणि म्हणालो, वाचायला नेला होता.

बाईंनी डाग पाहिला. "कुठपर्यंत आलात?"

"संपला. दोनदा."

"मग आता तुम्हीच वाचा."

मामा, सोळाच्या सोळा पानं मी वाचली. आवाज फाटका, चष्मा घरी. एवढ्या विद्वान बाई, पण शेवटच्या ओळीपर्यंत माझ्यासमोर माइक धरून उभ्या होत्या. त्या लिहितात तशाच आहेत, हे मी स्वतः पाहिलं. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा

ता. क. – टाळ्या वाजवून झाल्यावर मालकांनी मला घरी बसवलं. कुणा वजनदार माणसाने मी प्रामाणिक असल्याचं लिहून दिलं, तर सोमवारी विचार करू म्हणतात. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक. चार ओळी लिहून पाठवा.

ता. क. दुसरा – बाईंचं आधीचं पुस्तक, तेही मीच बांधलेलं, मी तुम्हाला भेट दिलं होतं. एकही ओळ न सोडता दोनदा वाचलं, कुठेही अडखळायला झालं नाही, असं तुम्ही कळवलं होतं. त्या प्रतीतला पाचवा फर्मा माझ्याकडेच राहिला होता, तो सोबत पाठवतो आहे. मामींना अजून काही बोललो नाही.