चौदावं ठिकाण

१९ डिसें., शुक्र. (येळवस)

वेळ अमावस्या, म्हणून शेतात जेवण. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. दोनदा मी मागून घेतलं, तिसऱ्यांदा न मागता वाढलं गेलं. रेखा आणि जावई उमरग्याहून नव्या गाडीतून आले. नवी म्हणजे त्यांना नवी; आधीच्या मालकाचा गणपती अजून पुढच्या काचेला चिकटलेला आहे. खोपीपुढं बसून जावई म्हणाले, "मामा, सव्वीस जानेवारीला जोडून चार दिवस मिळत्यात. कुठंतर फिरून येऊ. मार्ग तुमी ठरवा."

बत्तीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होतो. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, पण कोणती गाडी कुठून कधी सुटावी हे मला कोणी शिकवू नये. तिथंच वहीच्या पाठीमागं लिहायला घेतलं. अक्कलकोट, गाणगापूर, विजापूर, कुडलसंगम, कोल्हापूर... पन्हाळ्याबद्दल जरा बोललो, पाऊण तास. जावयांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पन्हाळा धरलाय न्हवं यादीत?" धरला. दिवस कलेपर्यंत तेरा ठिकाणं झाली.

महादेवीला विचारलं, तुझं काय? भांडी गोळा करता करता म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. एक समुद्र तेवढा घाला." चौदावा नंबर टाकला. लग्नाच्या वर्षीही हेच म्हणाली होती, त्याला चौतीस वर्षं झाली. तेव्हा मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी जाऊ.

२३ डिसें., मंगळ.

वेळापत्रक तयार. कार्डशीटवर, दोन शायांत. लोहारा नि. ४.३०, अक्कलकोट पो. ६.१५, दर्शन २० मि., नाष्टा १० मि. विजापूर ४० मि. (घुमटात आवाज देण्यासह). चार दिवस, चौदा ठिकाणं, मोकळा वेळ एकूण पंचवीस मि. भिंतीला लावून लांबून बघितलं. बरं वाटलं.

म. नं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं. "ह्यात बायकांनी लघवीला कुठं थांबायचं?"

कुठंच नव्हतं. बत्तीस वर्षं हे कंडक्टर आपलं आपण बघायचे. प्रत्येक टप्प्यात पाच मि. घातली. त्यात मोकळा वेळ संपला आणि कुडलसंगम गेलं.

म. नं एक रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली घासून उन्हात वाळत घातली आहे. गाणगापूरचं तीर्थ आणायला असणार.

२८ डिसें., रवि.

सोलापूरहून अक्काचा फोन. थोरली बहीण, मी साठीला आलो तरी तिचा तम्माच. "तम्मा, सोलापुरावरनं जाताव म्हणं." हिला कोणी सांगितलं कळत नाही. बहुतेक मीच.

आता आली पंचाईत. नात्यातल्या माणसाच्या गावावरून जायचं आणि घरात पाय टाकायचा नाही, हे आमच्यात कोणी विसरत नाही. एकदा वऱ्हाडाच्या गाडीतून सोलापुरावरून परस्पर गेलो होतो. अक्का दोन वर्षं बोलली नाही. तिसऱ्या वर्षी बोलली, ती त्याबद्दलच.

"नुसता च्या पिऊन लगी जावा," म्हणाली. अक्काचा चहा म्हणजे हातपाय धुणं, पोहे, चहा, जेवून जा, नको, मग मी मेले असं समजा, जेवण, ओटी. कमीत कमी साडेतीन तास. त्यापेक्षा मुक्कामच धरला. गाणगापूर आणि नरसोबावाडी गेली. उरली अकरा.

बाटली अजून खिडकीत आहे. गाणगापूर गेल्याचं म. ला सांगितलं, तरी आत ठेवली नाही. विसरली असेल.

५ जाने., सोम.

घोटाळा. जावई जि. प. शाळेत मास्तर. सव्वीस जानेवारीला मास्तरला सुट्टी नसते, झेंडावंदन असतं. हे खुद्द मास्तरच्या ध्यानात आलं नाही, त्याच्या बायकोच्या आलं नाही, आणि उभा जन्म वेळापत्रकात काढलेल्या माझ्याही नाही. कॅलेंडरवर लाल आकडा बघून सगळे हुरळलो. रेखाचा फोन आला तेव्हा ती हसत होती. मला हसू आलं नाही.

चाराचे तीन दिवस. कापायला बसलो. आमच्या कामातली एक रीत आहे: गाडी लेट झाली की पुढची गावं सोडायची आणि अर्ध्या वाटेवरून माघारी वळवायची, म्हणजे पुढची फेरी वेळेवर सुटते. आयुष्यभर तेच केलं. यादी त्याच रीतीनं शेवटून कापली. शेवटची चार गेली, यादी एकदम सुटसुटीत.

म. ला वाचून दाखवली. "बरं," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. तिला पसंत पडलेली दिसते.

१४ जाने., बुध. (संक्रांत)

रेखा एकटीच आली आहे सणाला. जेवताना ताटातली कारळाची चटणी संपली. म. म्हणाली, फळीवरची बाटली घ्या. घेतली, तर तीच रुंद तोंडाची, गळ्यापर्यंत चटणीनं भरलेली.

मी म्हणालो, अगं, ही तीर्थाची ना?

रेखा म्हणाली, "तीर्थाची कुठली अप्पा. आईनं समुद्राचं पाणी आणायला धुतली होती. खरंच खारट असतंय का, सगळ्या गल्लीला चाखवणार होती."

म. म्हणाली, "रिकामी ठिवून काय करू? चटणीला झाली."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला पोळी वाढत म्हणाली.

दुपारभर पडून होतो, झोप नाही. फार वर्षांमागं एक गाडी अशीच मी अर्ध्यातून वळवली होती. डोक्यावर बोचकं घेऊन उतरलेली एक बाई मला म्हणाली, "साहेब, गाडी तर तुमची टायमावर गेली. माझं गाव कुठं गेलं?" मी म्हणालो, मागून दुसरी येईल. आली का, ते मी बघितलं नव्हतं.

मी मूर्ख आहे, हे इथं लिहून ठेवतो. तोंडानं म्हणायला अजून जमलेलं नाही.

१५ जाने., गुरु.

कार्डशीट उलटी केली. पाठकोऱ्या बाजूला वर मधोमध लिहिलं: १. समुद्र (रत्नागिरी). आता ह्यात बसेल ते बसेल.

विजापूर गेलं. घुमट इतकी वर्षं उभा आहे, अजून थोडा थांबेल. अक्कलकोट काय, हाकेच्या अंतरावर; कधीही जाता येतं, म्हणूनच कधी जात नाही. ज्योतिबाला मनातल्या मनात बोललो. कोल्हापूरच्या देवीला चालत्या गाडीतून नमस्कार, कळस दिसला तर. आधी एक ठिकाण खोडताना जीव तुटत होता, आज सपासप हात चालला.

उरलं तीन: अक्का, समुद्र, पन्हाळा.

पन्हाळ्यापाशी घोडं अडलं. जावयांनी तोंडानं मागितलेलं ते एकच ठिकाण. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. आमचा ग्रह स्वभावानं चांगला आहे, पण ग्रहाला जरा बाजूनं जा म्हणून सांगायचं कोणी?

१९ जाने., सोम.

जावयांना शुक्रवारी रजा नाही, अर्धा दिवस सवलत. आणि रविवारी सायं. ५ ला मैदानावर फक्कीच्या रेघा मारायला हजर राहायचं. म्हणजे रविवारी पहाटे अंधारात रत्नागिरी सोडायला लागणार. समुद्र दिसला तर शनिवारी, उजेड आहे तोवर. पन्हाळा तीन तास खाणार. दोन्ही बसत नाही. पाच वेळा बेरीज केली, पाचही वेळा तीच आली.

रेखाला फोन करून म्हटलं, तूच हळूच सुचव. "तुमीच बोला की अप्पा. तुमचं ऐकत्यात ते." ऐकतील, पण मी कधी काही बोललेलो आहे का? लग्नाला बारा वर्षं झाली, जावयांशी माझी वाक्यं तीन: या, बसा, अजून घ्या.

म. देवळात गेली होती तेवढ्यात चटणी स्टीलच्या डब्यात काढली आणि बाटली घासली. तीनदा घासली. वास काही जात नाही.

२१ जाने., बुध.

म. ला बाटली सापडली. पुन्हा उन्हात ठेवली आहे, ह्या वेळी झाकण वेगळं.

२३ जाने., शुक्र. सोलापूर, सायं.

लोहारा नि. २.५० (ठरलेली १.३०). सामान: कडक भाकरी, शेंगाचटणी, शेंगापोळ्या वीस, चादरी, अक्काला वाण. तीन दिवसांना हे सामान. चार दिवस असते तर पोतं लागलं असतं. नळदुर्गपाशी जावयांना चहा लागला. १५ मि. मी घड्याळाकडं बघितलं नाही, नुसतं मनगट वर केलं. पो. ५.२०.

"ऊटा आयितेनु?" दारातच अक्काचा पहिला प्रश्न. जेवलो म्हणालो तरी ताटं मांडलेली होती. आणि आजच हळदीकुंकू. "भावजय यायची म्हणून मुद्दाम आज ठिवलं." म. आल्यापासून बायकांना कुंकू लावतेय. प्रत्येकीला एक प्लास्टिकची चाळणी.

अक्का: उद्या जेवल्याबिगर हलायचं न्हाय.
मी: पाचला निघतो.
अक्का: बाराला जावा.
मी: सहा.
अक्कानं पदर डोळ्याला लावला. आठ वाजता नाष्टा करून निघायचं ठरलं.

जावयांशी बोलायला गच्चीवर गेलो. वाक्य पाठ केलं होतं. ते म्हणाले, "बोला मामा." मी म्हणालो, "बसा." गच्चीवर खुर्ची नव्हती. थोडा वेळ दोघंही उभे राहिलो आणि खाली आलो.

२४ जाने., शनि. कोल्हापूरच्या पुढं, दु. २.२५

सोलापूर नि. ८.३५. नाष्टा, ओटी, नारळ, परत एकदा चहा. पुलापर्यंत गेलो आणि अक्काचा फोन: चाळणी राहिली. माघारी. कोल्हापूर पो. १.२०. कळस दिसला नाही, दिशेला नमस्कार केला. कडक भाकरी गाडीतच खाल्ली.

मग पन्हाळ्याची पाटी आली. जावयांनी इंडिकेटर लावला. ते टिकटिक वाजायला लागलं. मागं म. खिडकीबाहेर बघत बसलेली, मांडीवर पिशवी. तिचं तोंड मला आरशात दिसत होतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "जावईबापू, सरळ घ्या."

म. नं मागून माझ्या खांद्यात बोट खुपसलं. जावयाला असं बोलत्यात व्हय, ह्या अर्थाचं. माझे कान गरम झाले.

जावयांनी गाडी कडेला घेतली. "मामा, तुमाला बघायचा न्हाय पन्हाळा?"

"मला? तुमाला बघायचाय ना?"

"मला कशाला? शाळंच्या सहली घेऊन पाच डाव येऊन गेलोय. पोरं मोजता मोजता जीव जातोय तितं. येळवसला तुमी लई रंगून सांगत होताव, म्हणून म्या विचारलं. म्हटलं मामाच्या मनात हाय, न्हाय कसं म्हणावं?"

पाच आठवडे आम्ही दोघं एकमेकांसाठी गड उचलून बसलो होतो. रेखा इतकी हसली की तिला ठसका लागला. जावईही हसले, मग मी. बारा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो. म. हसली नाही. म्हणाली, "मग सरळ घ्या की."

आता गाडी चालू आहे, अक्षर हलतंय. बंद करतो.

त्याच दिवशी, सायं. ५.१०, साखरपा

घाटात रस्त्याचं काम. ४० मि. गेली. खाली उतरेपर्यंत रेखाला उलटी, मघाचं हसणं आणि वरनं वळणं. टपरीसमोर थांबलोय. लिंबू-सोडा दिला, बाकावर आडवी झाली आहे. जावई वहीनं वारा घालतायत. वही म्हणजे माझी जुनी, चौदा ठिकाणांच्या यादीची. बरीच उपयोगाला आली.

रत्नागिरी अजून पन्नास कि. मी. टपरीवाला म्हणतो सव्वा तास लागेल, दीडही लागेल. सूर्य साडेसहाच्या आत-बाहेर बुडतोय. रीतीप्रमाणे ही गाडी इथून माघारी.

म. ला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. म्हणालो, उजेडी पोचू असं वाटत नाही. वेळापत्रक चुकलं माझं. हे नाही, ते चौतीस वर्षांपूर्वीचं. आणि मी मूर्ख आहे, हेही सांगितलं. तिनं हे नवीन ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडून वास घेतला. "कारळाचा वास येतोय अजून." मग म्हणाली, "अंधार पडला तर पाणी उठून जातंय व्हय? बाटली अंधारात बी भरती."

मग झाकण लावत, माझ्याकडं न बघता, "पर उजेडी दिसला तर बरं व्हईल वो."

रेखा उठली, चूळ भरली, गाडीत बसली. म. ला पुढं बसवलं, काचेपाशी, मी मागं. जावई विचारतायत, मामा, पोचायचा टाइम काय लिवताव?

साखरपा नि. ५.२२. पो. चा रकाना मोकळा ठेवला आहे.