तो कोंबडा नव्हता, मामाजी

प्रिय मामाजी,

सासऱ्याला पत्र लिहिणारी सून तुम्ही आपल्या केशोरी गावात कधी पाहिली नसेल. तुम्ही होतात तेव्हा पदर सावरण्यापलीकडे मला तुमच्यासमोर फार बोलता आलं नाही. पण आज शेजारची देवकी आली आणि मग राहवलं नाही. तिच्या सासऱ्यालाही दमा आहे.

"वहिनी, तुमच्या मामाजीले वटवाघळानं आराम पडला होता म्हंतेत. तुमचा भाऊ आनून देईल का?"

तांदूळ पाखडता पाखडता माझा हात थांबला.

आठवतं, एका होळीनंतर मी तुम्हाला रस्सा वाढला होता? गावठी कोंबडा आहे, असं मीच सांगितलं. तुम्ही दोनदा मागून खाल्लात. तो कोंबडा नव्हता, मामाजी. वटवाघळाच्या मटणानं दमा जातो, असं माझ्या माहेरी सगळेच मानतात. वटवाघळं रात्री मोहाची फुलं खायला येतात, तिथं भावानं झाडाला जाळं लावून एक धरलं आणि मी मसाला जरा जास्तच घालून शिजवलं.

तुम्हाला विचारलं असतं तर ताट भिरकावलं असतंत. तलावाच्या पाळीवरच्या चिंचेला वटवाघळं लटकलेली आहेत तोवर तलाव आटत नाही, हे तुमचं म्हणणं. त्यांना कुणी दगड मारला की धापा टाकत काठी घेऊन धावायचात! पण तुमची ती घरघर ऐकवत नव्हती हो. काय करणार होते मी?

तिसऱ्या दिवशी तुम्ही दुपट्ट्यात गुंडाळून एक पिल्लू आणलंत. चिंचेखाली पडलेलं. मलाच बकरीचं दूध कोमट करायला लावलंत आणि कापसाच्या बोळ्यानं पाजत बसलात. दोन दिवस जगलं बिचारं. परसात खड्डा खणताना तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "ह्याची माय कोनं खाल्ली असंल वं, सूनबाई?"

तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी दुधाची वाटी घासायला निघून गेले.

त्यानंतर माझ्या हातचा रस्सा तुम्ही कधी मागितला नाही. वय झालं म्हणायचात. खरंच वय झालं होतं, की कळलं होतं? कळलं असेल तर एकदा रागवायचं तरी!

आणि माझी अक्कल बघा. तुमचा दमा निवळला म्हणून मीच माहेरी फुशारकी मारली. ऊन तापलं की तो दरवर्षीच निवळायचा, हे पुढच्या थंडीत तो उसळला तेव्हा लक्षात आलं. तोवर गोष्ट चार गावांत गेली होती. चिंचेवर आता मोजकीच वटवाघळं उरली आहेत.

देवकीला आज सगळं सांगितलं, पिल्लाचंही. उद्या तिच्या सासऱ्याला मीच दवाखान्यात नेणार आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढी वर्षं माझ्याकडे पडून आहे. त्या पिल्लाची माय तुम्हीच खाल्लीत, मामाजी. ताटात ती मी वाढली.

यापुढे वटवाघूळ मागायला जो कुणी दारात येईल, त्याला आधी हेच सांगेन. मनानं तुमच्या पायाशी बसून शब्द देते.

तुमची सून,
सुशीला