पांढरीच्या पेटीतला कापूस

८ डिसेंबर २०२४

पेटी झाली एकदाची. मोसंबीच्या दोन जुन्या खोक्यांची मिळून एक. यांच्या हातच्या पेट्या वाळवीनं खाल्ल्या — माणूस जाऊन चार महिने झाले नाहीत तोवर! मूत निघून जायला तळाला भोकं पाडली. पुढची फळी वीतभरच ठेवली, म्हणजे सशिणीला आत-बाहेर करता येईल. दोन खिळे आत निघाले होते, ते ठोकून वळवले. अंगठा ठेचला. एक कोपरा वाकडाच राहिला. हे असते तर काही बोलले नसते. नुसते बघून हसले असते, आणि मला राग आला असता.

पांढरी शुक्रवारी व्यायची आहे. हे गेल्यावरचं पहिलं वेत.

९ डिसेंबर

जालन्याहून लेकाचा, कल्याणचा, फोन. पोरगं सळईच्या कारखान्यात लागल्यापासून माझाच बाप झालंय. "आई, एकटी काय करून राह्यली तिथं? ससे देऊन टाक कुनाला तरी अन् चल इकडं." मी म्हणाले, एवढं वेत होऊ दे. म्हणाला, "बरं. संक्रांतीला येतो. पिलं जगली तर ऱ्हा. न्हाई तर मंग तुझं बिलकुल ऐकायचो न्हाई."

जगतील. माझ्या हाताखालची आहेत. हे घर सोडून मला कुठं जायचं नाही.

१० डिसेंबर

आज पेटी भरली. ते सहा वर्षं माझंच काम. पेटी यांची, आतला कापूस माझा. घरच्या वेचणीचा, सरकी काढून, हातानं पिंजून पुरीएवढ्या चकत्या करायच्या. याच कापसाच्या वाती रेणुकाईच्या देवळात जातात. हे तळाला वाळलेलं हराळीचं गवत पसरायचे, वरून माझ्या चकत्या. या वेळी हराळी टाकलीच नाही. नागड्या पिलांना टोचत असेल. थंडीही मरणाची आहे. म्हणून कापूस दुप्पट. अंगणवाडीत तीस वर्षं गावाची लेकरं सांभाळली, मऊ काय असतं ते मला कुणी शिकवायला नको.

यांचा एक नियम होता. व्याल्यावर बारा दिवस पेटीत वाकायचं नाही, परका वास लागला की ती पिलं टाकते. यांच्या हाताची तिला सवय, म्हणून रोज सकाळी हे एकटे बघून यायचे आणि दारातूनच सांगायचे, "समदी बराबर हायेत. तुझ्या कापसाचा गुन." दर वेताला हेच. पारावरही सांगायचे. मला वरून लाज वाटायची, आतून बरं वाटायचं.

१३ डिसेंबर

व्याली! पोटाचे, छातीचे केस उपटून पेटी भरली तिनं. केस कुठले आणि कापूस कुठला, काही कळत नाही. वाकले नाही. लांबूनच बघितलं.

१४ डिसेंबर

आत चुळबुळ ऐकू येते. यांच्या फोटोला सांगितलं.

१७ डिसेंबर

चुळबुळ नाही. नियम मोडला, हात घातला. सात होती. सातही गार.

१८ डिसेंबर

काल पुढचं लिहवलं नाही. कापसाचे तंतू वळून वळून दोऱ्यासारखे झाले होते. एकाच्या मागच्या पायाला इतके आवळले होते की पाय काळा पडला. दोघांच्या मानेला. बाकीची त्यातच गुंतलेली, आईच्या दुधापर्यंत पोचलीच नसतील. परसात पुरताना मोठ्यानं रडले. हे गेले तेव्हा चारचौघांत इतकं रडू आलं नव्हतं.

साजिद सुताराची फरहाना आवाज ऐकून आली. तिनंही सशांची जोडी यांच्याकडूनच नेली होती. पेटीत बघून म्हणाली, "काकी, कापूस कुनी टाकला यात? पुंजारामचाचानंच तर मला जोडी देताना बजावल्तं, कापूस टाकायचा न्हाई, पायाला गुततो, गळ्याला गुततो."

मी म्हणाले, आमच्या पेटीत सहा वर्षं कापूसच आहे आणि कापसानं एक पिलू मेलं नाही. तिला पाणीसुद्धा न विचारता मी वाटेला लावलं. चुकलं माझं.

२२ डिसेंबर

यांनी फरहानाला सांगितलं, मला का नाही?

उत्तर मला ठाऊक आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हे एवढंच म्हणाले होते, आज कालवणात मीठ जास्त झालं. मी अठरा दिवस बोलले नाही. अठरा! पुढं चाळीस वर्षं यांनी ताटातल्या कशालाही नाव ठेवलं नाही. मी बायकांत सांगायची, आमचा माणूस भोळा. मला काही सांगायची सोयच मी ठेवली नव्हती.

पण मग आमची पिलं जगली कशी?

२९ डिसेंबर

पांढरी अजून रिकाम्या पेटीत जाऊन बसते. मला तिच्याकडं बघवत नाही.

३ जानेवारी २०२५

कल्याणला कळवलं, संक्रांतीला ने मला. पोरगं हरखलं. दुसरी सशीण भुरी गाभण आहे, दहा तारखेच्या आसपास व्यायची. ती आणि पांढरी फरहानाकडं देईन. माझ्या हातून आता काही जगायचं नाही.

६ जानेवारी

सामान भरायला पोतं हवं म्हणून माळ्यावर चढले. पार कोपऱ्यात एक गोणी, तोंडाला सुतळी. गाठ यांची. सोडली.

कापूस. पुरीएवढ्या चकत्या, माझ्याच हातच्या, एकावर एक रचलेल्या. तळाच्या पिवळ्या पडल्यात, वरच्या अजून पांढऱ्या. सहा वर्षांच्या. मी पेटीत टाकून आले की हे मागून जाऊन काढून घेत होते, आणि सकाळी येऊन मला सांगत होते, तुझ्या कापसाचा गुण. एकही चकती फेकली नाही.

तीच पेटी झाडून भुरीसाठी हराळी भरली. कल्याणला फोन केला — संक्रांतीला तिळगूळ खायला ये, मला न्यायला येऊ नको.