जनान्याचं दार

माय,

तुझ्या हातात कुणी काही ठेवलं की तू आधी ते उलटं करून बघायचीस. देवळातला पेढासुद्धा. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर ते ओतून घेतल्यावर तू वाटीच्या बुडाकडं बघायचीस, तडा गेलेली वाटी मुद्दाम पाठवून नंतर आपल्या माथी मारायचा विचार आहे की काय म्हणून. मी हसायचे. मग तू मला पुन्हा तेच सांगायचीस, की माझे वडील गेल्यावर आपल्या झरी गावच्या भावकीनं तुला आधी नवं लुगडं नेसवलं आणि दुसऱ्या दिवशी कागदावर तुझा अंगठा घेतला. शेतातला आपला वाटा त्या लुगड्यापायी गेला. "लुगडं लय चांगलं व्हतं गं," असं तू दर वेळी शेवटी म्हणायचीस आणि कामाला लागायचीस.

मला घेऊन तू परभणीला आलीस आणि स्टेशनकडच्या टाकीजात जनान्याच्या दारावर उभी राहिलीस. बायकांची बसायची जागा वेगळी होती, मधे कमरेइतकी भिंत, आणि त्यांना आत जायला डाव्या अंगाला वेगळं दार. ते दार तुझं. आपल्या खोलीचं भाडं आणि माझी शाळा त्या दारावरच चालत होती. शंकेखोर माणसाला इतकी शोभणारी नोकरी दुसरी मिळाली नसती, असं मला आजही वाटतं. अजून डोळ्यांसमोर येतं, मी बाकड्यावर बसलेली आहे आणि तू एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फाडलेली तिकिटं घेऊन उभी आहेस. एक बाई पदराखाली पोरगं दडवून आत सरकते आहे. तू पदर बाजूला करतेस, पोराला म्हणतेस, "आ कर." पोरगं तोंड उघडतं. "ह्याचे दुधाचे पडले की गं बाई, जा तिकीट काढून आन." ती बाई कुरकुरत परत जाते. बहिणीची शाल पांघरून आत घुसणारा कॉलेजातला एक पोरगा तू नुसत्या त्याच्या पायांवरून ओळखला होतास. तोंड झाकता येतं, चाल झाकता येत नाही, असं तुझं म्हणणं होतं.

विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून एका वर्षी पुन्हा बंद झाला. टाकीजला कुलूप लागलं, शाळा बंद, आणि गल्लीत कोण कुणाच्या दारात उभं आहे याच्यावर सगळ्यांचं बारीक लक्ष. शेजारची माणसंसुद्धा अर्धं वाक्य बोलून थांबायची. अशात मालकानं तुला घरी बोलावणं पाठवलं. कामाशिवाय बोलावतोय म्हणजे काहीतरी आहे, हे तू चप्पल पायात घालतानाच ठरवून टाकलंस. परत आलीस ती जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी डोक्यावर घेऊन. दार लावून चादर सोडली तर आत रंगीत डबा. झाकणावर सिनेमा टाकीजचं चित्र, लाल खुर्च्या, पांढरा पडदा, दारावर मोठी पाटी, बाहेर चाकाच्या गाडीवर कॅमेरा घेऊन बसलेला एक माणूस. सगळं छोट्या प्लॅस्टिकच्या विटांचं. मालकाच्या मेव्हण्यानं दुबईहून आणलेलं. मालकाची मुलं मोठी झालेली, त्यांना त्यात रस नव्हता, म्हणून ते आपल्याकडून जोडून घ्यायचं आणि तिकिटाच्या खिडकीशेजारी, सिनेमाचे फोटो लावायच्या काचेच्या कपाटात ठेवायचं, असं त्याच्या मनात आलं होतं.

"'बाई, तुमी' म्हनला मालक," तू डब्याकडं न बघता म्हणालीस. "रोज 'ए बाई' म्हननारा मानूस. 'बाई, तुमची पोरगी हुशार हाय, तिच्याकडून जोडून आना' म्हनला. कामून म्हनला असंल?"

"मी हुशार आहे म्हणून," मी म्हणाले.

"ते तर हायेसच. पर त्याला कोन सांगितलं?"

मी म्हणाले, अगं खेळ आहे हा, लहान पोरांचा. तर तू म्हणालीस, "खेळ हाय तर मला कामून दिला? ह्यातली येक ईट हरवली की 'बाईनं चोरली' म्हनायला मोकळा. मंग दारावरून काढायला कारन लागत न्हाई." आणि तू शेजारच्या काकूला बोलावून आणलंस, तिच्यासमोर डब्याची चिकटपट्टी कापलीस. "बघून ठिवा, डबा बंद व्हता." काकूची भाकरी तव्यावर होती. ती 'बघितलं, बघितलं' म्हणत पळाली.

विटा तू सुपात ओतल्यास. ज्वारीतले खडे निवडावेत तशा तू त्या रंगारंगानं निवडल्यास, आणि मला सुपात हात घालायची परवानगी नव्हती. लागेल ती वीट मी बोटानं दाखवायची, तू काढून द्यायचीस. डब्यात एक पातळ पुस्तक होतं, त्यात एक अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. आधी ही वीट, मग तिच्यावर ही. तुला अक्षर येत नव्हतं आणि त्या पुस्तकात अक्षर नव्हतं, त्यामुळं त्या दिवसांत आपण दोघी सारख्याच शिकलेल्या होतो. पण तुझा चित्रावरही भरवसा नव्हता. वीट दाबली की कट् असा आवाज यायचा, आणि मी हात काढला की तू लगेच ती उपटून बघायचीस, खरंच बसली होती का. "चुना न्हाई, सिमिट न्हाई, धरतंय कशानं?" विटेच्या डोक्यावरची गोल टेंगळं तू अंगठ्यानं चाचपायचीस, खालची भोकं उजेडात धरायचीस. तुझ्या त्या तपासणीपायी मागची भिंत आपण दोन-तीन वेळा बांधली. आता माझा नातू असले डबे उघडतो, सिनेमातली विमानं नाहीतर किल्ले जोडतो आणि मोबाइलसमोर बसून जगाला सांगतो, हे चांगलं आहे, हे ठिसूळ आहे, पाचपैकी चार तारे. तुझ्या हातून त्यातल्या एकालाही अर्धा तारा मिळाला नसता.

तरी खरं सांगते, तुला ते आवडायला लागलं होतं. खुर्च्यांची रांग लागली तेव्हा तू मान वाकडी करून पडदा कुठून कसा दिसेल ते बघितलंस. पुढच्या रांगेची मान दुखणार, म्हणालीस. तिकिटाची खिडकी झाली, आत छोटा माणूस बसला. टॉर्चवाला एक माणूस दारात उभा केला. हातात पिशवी घेतलेली एक बाई, एक टोपीवाला, एक पोरगं, सगळे दाराकडं तोंड करून. छप्पर बसवायचं बाकी होतं. तू सूप बाजूला सारलंस आणि टाकीजला चारी अंगांनी बघून घेतलंस.

"बायकायचं दार कुठाय?"

मी चित्र बघितलं. "नाही दाखवलं."

"मंग बायका पिच्चर बघत न्हाईत का तिकडं?"

"बघतात की. सगळे एकाच दारानं जातात."

तू डाव्या अंगाच्या भिंतीवरून बोट फिरवत राहिलीस. भिंत सलग होती. टॉर्चवाल्या माणसाला उचललंस, जवळ धरून बघितलंस, त्याला मिशी होती. मग तू जे म्हणालीस ते मला अजून तुझ्या आवाजात ऐकू येतं. "ह्यो खेळ न्हाई. ह्यो नकाशा हाय. मालक टाकीज नवी करायलाय."

मी हसले, तशी तू भडकलीस. पावसाच्या आधी बांधकामाचा एक गुत्तेदार येऊन टेप लावून मापं घेऊन गेला होता, ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. पत्रे गळतात म्हणून आला होता, हे मीही ऐकलेलं. पण तुझं म्हणणं, पत्र्याचं माप वर चढून घेतात, हा तुझ्या दाराच्या चौकटीपाशी का उभा होता? मालकाला तोंडावर सांगायची लाज वाटली असेल, म्हणून त्यानं हे आपल्याच घरी पाठवलं, आपल्याच हातांनी बांधून घेतलं, म्हणजे बाईला आपोआप कळेल की तिचं दार आता नाही. तू बोलत होतीस आणि माझंही हसू थांबलं. एकेक गोष्ट अशी जुळत गेली की मला त्या लाल खुर्च्यांची भीती वाटायला लागली. शाळेचं काय, खोलीचं काय, हे मी विचारलं नाही, पण ते तुझ्या तोंडावर दिसत होतं.

"दार पाड," तू म्हणालीस.

"माय, चित्रात नाही."

"चित्र काढनारा हितं आलता का कधी? पाड."

डाव्या भिंतीतल्या विटा मी एकेक उपटल्या. त्या एकमेकींत अशा अडकलेल्या की दारापुरत्या काढायच्या तर अर्धी भिंत हातात आली. ती पुन्हा उभी केली, मधे जागा सोडली, वर एक लांब वीट आडवी घातली. चौकट नव्हती, नुसती मोकळी जागा, पण दार वाटत होतं. मग तू मिशीवाल्याच्या हातातला टॉर्च ओढून काढलास आणि पिशवीवालीच्या हातात बसवून बघितलास. बसला. तिला त्या मोकळ्या जागेत उभं केलंस. उरलेल्या विटा आणि पिशवी तू एका फडक्यात बांधल्यास, एकही ठेवून घ्यायची नाही म्हणून.

बंद उठल्यावर आपण ते परातीत घालून मालकाकडं नेलं. मालक खुशीत होता. खाली बसून त्यानं खुर्च्या बघितल्या, पडदा बघितला, माझ्या पाठीवर थाप मारली. मग डावीकडं येऊन थांबला.

"हे काय केलंय?"

"बायकायचं दार," तू म्हणालीस. "ऱ्हायलं व्हतं. तुमच्या डब्यात न्हवतं. म्हनून इचारते मालक, आपल्या टाकीजात तरी ऱ्हानार हाय का न्हाई? मला आडून सांगू नका. तोंडावर सांगा."

"कोन म्हनलं काढनार म्हनून? येडी का काय तू?"

"कोन न्हाई म्हनलं. पर हितं लिव्हलंय की," आणि तू पुस्तक त्याच्या हातात दिलंस.

पुढचं तू बघितलं नाहीस. उरलेल्या विटा मोजून द्यायच्या म्हणून तू खाली बसून फडक्याची गाठ सोडत होतीस आणि ती गाठ तू अशी घट्ट मारली होतीस की सुटत नव्हती. मालकानं शेवटचं पान काढलं. चित्र बघितलं, मग परातीतली टाकीज बघितली, मग पुन्हा चित्र. त्याच्या चेहऱ्यावरची चिडचिड गेली आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं, बाजारात एखाद्या मालाचा भाव ऐकल्यावर माणूस गप्प होतो ना, तसं. त्यानं हळूच मला विचारलं, "तिकडं सगळेच एका दारानं जातात?" मी म्हणाले, हो.

टाकीज काचेच्या कपाटात गेली, तुझ्या दारासकट. बायका तिथं थांबून टॉर्चवालीकडं बोट दाखवायच्या, "ही तूच की गं," आणि तू त्यांना "व्हा पुढं" म्हणायचीस. पत्रे नवे बसले. गुत्तेदार त्यानंतर पुन्हा आला नाही, तरी तुझी झोप काही सुधारली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र टाकीज बंद ठेवून काम निघालं. कमरेइतकी भिंत पाडली, वर बाल्कनी काढली, डावीकडचं दार विटा घालून बुजवलं. मालक म्हणाला, बाई, तुला कोन काढायलंय, झाडायला ये की. तू गेली नाहीस. घरी येऊन मला म्हणालीस, "मला न्हाई काढलं. दार काढलं." मग मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायला लागलीस आणि माझी शाळा कशीबशी पुढं सरकली.

त्या दिवशी तू रडशील असं मला वाटलं होतं. तू रडली नाहीस. "म्या म्हनलं व्हतं का न्हाई," असं म्हणालीस आणि हात धुऊन जेवायला बसलीस, पोटभर जेवलीस. नंतर वसतिगृहातल्या मुलींना, गल्लीतल्या बायकांना, शेवटी दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा तू ती गोष्ट सांगितलीस. मालकाच्या पोटातलं मला विटांवरून कळलं, म्हणायचीस. ऐकणारी बाई तोंडाला हात लावायची आणि तू माझ्याकडं बघायचीस, मी मान हलवावी म्हणून. मी हलवायचे.

पण माय, ज्यानं आधीच ठरवलेलं असतं तो माणूस 'तिकडं सगळेच एका दारानं जातात?' असं विचारत नाही. एका दारावर एक माणूस पुरतो, हे त्याला तोवर सुचलंच नव्हतं, असा मला संशय आहे. तो संशय इतक्या वर्षांत गेलेला नाही. ज्या दाराला आपण इतक्या जिवानं जपलं, ते बुजवता येतं हे त्याला आपल्या परातीतूनच समजलं असेल. नसेलही. सिनेमाचा धंदा तेव्हा उतरतच होता, व्हिडिओ आले होते, त्याला आज ना उद्या सुचलंच असतं. मालकही आता नाही, विचारू कुणाला.

हे पत्र मी कपाटात ठेवणार आहे. पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि वाचणारी आपल्या मनचं काहीतरी घुसडते आहे असा तुला संशय आला असता. शिवाय जन्मात एकदा तरी तुला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, तेवढं तुझं तुझ्याकडं राहू दे. अजून कुणी तुझी आठवण काढली की मीही तीच गोष्ट सांगते, विटांवरून मालकाचं पोट ओळखणाऱ्या बाईची. मालकानं मला काय विचारलं, तिथं आलं की मी ते गाळून पुढं जाते. आणि खरं सांगू, सांगता सांगता मला ते पटतं.