डोकं तेच, पाती वेगळी

३ मार्च, मंगळवार
शेपर आला, लाकडाच्या कडा कोरायचं यंत्र. उतरवायला तीन माणसं लागली. मागच्या खोलीत बसवला. टेबलाच्या मधोमध फिरणारा उभा दांडा, त्यावर पोलादी गोल डोकं, डोक्याच्या खाचांत पाती. पाती हवी तशी बदलायची, डोकं तेच. निवृत्त माणसाला शोभेलसं यंत्र.

संकल्प : लेक ३० तारखेला बाळाला घेऊन येतेय. नात रांगायला लागली आहे, हाताला लागेल ते ओढते. त्याआधी ओट्याखालच्या चारही कपाटांना माझ्या हातची नवी दारं.

संध्याकाळी ५. जुनी दारं काढून भंगारवाल्याला दिली. बायको म्हणाली, नवी झाल्यावर काढली असती तर? हिला नियोजन कळत नाही.

७ मार्च, शनिवार
मेहुणा येऊन गेला. पेशाने सुतार, त्यामुळे शिकवायची खोड. म्हणाला, भावोजी, एका पट्टीच्या काठाला जीभ काढा, म्हणजे पुढे आलेली कड, मग पाती बदला आणि दुसरीला खाच पाडा. जीभ खाचेत बसली की दाराची चौकट झाली. दर वेळी दोन तुकडे जोडून बघा आणि मगच पुढे जा.

बत्तीस वर्षं आवक-जावक विभाग सांभाळलेल्या माणसाला हे सांगायचं! मी मान डोलावली. चहा पाजला.

१० मार्च, मंगळवार
पात्यांचा डबा उघडला. काळा फोम, फोममध्ये दोन पाती. बसवली. पट्टी सरकवली, धूर निघाला. लाकूड ओलं असणार.

दुपारी ३. लाकूड उन्हात वाळवलं. पुन्हा धूर. ही दारातून म्हणाली, पाती उलटी तर नाहीत? म्हटलं, शक्यच नाही.

दुपारी ४. पाती उलटी होती. माझं मीच शोधून काढलं.

१४ मार्च, शनिवार
मेहुण्याच्या पद्धतीत वेळ फुकट जातो. ऑफिसात एकदा शिक्का हातात घेतला की सगळं टपाल संपवूनच खाली ठेवायचो. तसंच इथे. आधी सगळ्या पट्ट्यांना जीभ, मग खाचेचं बघू.

१७ मार्च, मंगळवार
सोळाच्या सोळा पट्ट्यांना जीभ निघाली. लोण्यासारख्या गुळगुळीत. हिला बोलावून हात फिरवायला लावला. हिने फिरवला. विचारलं, आणि खाच? सांगितलं, त्याची वेगळी पाती असतात.

डब्यात बघितलं. नव्हती.

१९ मार्च, गुरुवार
दुकानदाराला फोन. म्हणाला, काका, सेटमध्ये चार पाती असतात, डबा नीट बघा. मी म्हणालो, डबा कसा बघायचा हे मला शिकवू नका. त्याने फोन ठेवला. हल्ली लोकांना चूक कबूल करवत नाही.

ही म्हणाली, त्यापेक्षा डोकंच बदलून मिळतं का विचारा. पुन्हा फोन करून विचारलं. मिळत नाही म्हणाला. हिला सांगितलं तर म्हणाली, वाटलंच होतं.

२२ मार्च, रविवार
दुकानदाराला खरमरीत पत्र. मसुदा तीन वेळा सुधारला. नुसतं बसून राहणं स्वभावात नाही, म्हणून पट्ट्यांच्या दुसऱ्या काठालाही जीभ काढून ठेवली. आता एकसारख्या दिसतात.

ही म्हणाली, बोलणाऱ्या बत्तीस जिभा, ऐकणारं कोणी नाही. पट्ट्यांबद्दल बोलत असावी.

२८ मार्च, शनिवार
दारं नाहीत, म्हणून चमचे ठेवायला हिला डबा हवा होता. पात्यांचा दिला. रिकामा करताना हिने फोम उचलला. खाली आणखी एक कप्पा. त्यात खाचेची जोडी, तेलकट कागदात गुंडाळलेली.

हिने जोडी माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि भाजी चिरायला गेली.  काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. फार वाईट वाटलं.

पत्र टाकून झालंय.

२९ मार्च, रविवार
मेहुण्याला बोलावलं. मी नाही, हिने. त्याने पट्टी उचलली, हा काठ बघितला, तो काठ बघितला, मग दुसरी पट्टी उचलली. म्हणाला, भावोजी, सफाई मात्र एक नंबर. मी विचारलं, खाच पाडायची म्हटली तर? म्हणाला, कुठे पाडू? दोन्हीकडे जीभ आहे. नवं लाकूड आणावं लागेल, आठ दिवस.

त्याने पाती चार मिनिटांत बदलून दाखवली. मी घड्याळ बघत होतो.

३० मार्च, सोमवार
सकाळी १०. लेक आली. नात खाली ठेवल्याबरोबर रांगत थेट स्वयंपाकघरात, तिथून थेट कपाटात. फिनाईल, सुऱ्या हिने आधीच वर ठेवल्या होत्या. कुकर, कढया, परातींना वर जागा नाही, ते कपाटातच. नातीने ओढली आणि एक कढई खाली आली. तिच्या पायापासून वीतभर लांब पडली. लेक माझ्याकडे बघत राहिली. 

सकाळी १०.१५. कपाटांना पाठ टेकून फरशीवर बसलो. कपाटं चार, मी एक. नात डावीकडे निघाली की डावीकडे सरकतो, उजवीकडे निघाली की उजवीकडे. गुडघे दुखतात. आठ दिवसांचा प्रश्न आहे.

दुपारी १२. हिने खांद्यावर टकटक केलं. म्हणाली, उघडा. मी बाजूला सरकलो. हिने कुकर काढून घेतला आणि म्हणाली, आता लावा.

परत जागेवर बसलो.