हातभर शेपटीचं पाखरू

चिंचवड, गुरुवार, डिसेंबर १९५६

सासूबाई आठवडाभर सांगत होत्या, परसातल्या पाण्याच्या परळावर हातभर शेपटीचं पांढरं पाखरू येतं. मी शेजारणींसमोर हसले. म्हणाले, "यांना हल्ली भास होतात."

आज ते मलाच दिसलं. काळं डोकं, दुधासारखं अंग आणि ती फितीसारखी शेपटी! आतून, बाजेवरून त्यांनी विचारलं, "आलं का गं त्ये?"

"नाही, चिमणी आहे." का म्हणाले मी असं? माझं हसणं चुकलं, हे कबूल करावं लागलं असतं म्हणून?

संध्याकाळी हे कामावरून आले, आईला पाखराचं विचारलं. "न्हाई रं, माझंच डोळं फसलं आसतील," त्या म्हणाल्या. ती शेपटी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तरी मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले.